साडीच्या खोक्याआडचा फासा

कपाट आवरताना वीस बाजूंचा पिवळा फासा हाती लागला आणि तांबरमच्या क्वार्टरमधली ती घामट दुपार आठवली. आम्ही चौघे राक्षस-तलवारींचा कल्पनेतला खेळ खेळायचो. गोष्ट मी सांगायचो, म्हणून सगळ्यांचे फासेही मीच टी. नगरच्या दुकानातून आलेल्या साडीच्या खोक्याआड टाकायचो. एकजण तोतरा होता, पण त्याचा योद्धा बोलू लागला की तो अडखळत नसे आणि सगळे माझं सोडून त्याचंच ऐकत. त्या दिवशी त्याला वाचवणारा वीस पडला. "एक पडला. मेलास," मी म्हणालो. "न-नक्की?" तो पुन्हा अडखळला. योद्धा मेला की त्याची ताकद, शस्त्रं लिहिलेला कागद ज्याचा त्याने फाडायचा, ही आमची रीत. दोन वर्षं खोडून खोडून विरलेला कागद त्याने फाडला. तो परत खेळायला आला नाही. काल आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "काय निरागस दिवस होते यार!" त्यावर पहिला लाल बदाम मीच टाकला.