डाळिंबीची दुसरी फाक

आमच्या खोपोलीच्या दवाखान्यात मुंबईहून एक सर्जन यायचे. विलायतेत शिकलेले. मोटारीतून उतरले की आधी स्वतःच्या बुटांकडे बघायचे, मग आमच्याकडे. मी भूल देणारी डॉक्टर, म्हणजे त्यांच्या लेखी गॅसच्या नळकांड्याशेजारी उभं केलेलं दुसरं नळकांडं. "बाई, झोपवा" आणि "बाई, उठवा," एवढंच आमचं संभाषण. हात चांगला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू? पण हात चांगला असला की डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं, असं त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. श्रावणात कुंभिवलीकडची एक बाई आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन आली. पोर खोकून खोकून अर्धी झाली होती. घरी बिरड्याच्या उसळीसाठी मोड आलेले वाल सोलत बसले होते सगळे. पोरीनं एक सोललेली डाळिंबी कच्चीच तोंडात टाकली, कुणीतरी हसवलं, आणि ठसका लागला.

"मंग काय केलंत?" मी विचारलं.

"केळं दिलं, बाय. मंग भाताचा गोळा. खाली जाया पायजे ना."

घ्या! माशाचा काटा अडकला की केळं, श्वासात दाणा गेला तरी केळंच. शेजारणीनं वर मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. मी त्या माउलीवर नको तेवढी खेकसले. ती नुसती म्हणाली, "वाचंल ना गं माझी पोर?"

मी पोरीची छाती ऐकली. डावीकडे श्वास छान येत होता, उजवीकडे वर-खाली कुठंच नाही. एक्स-रे फोटोतही तेच. दाण्यानं वाट अडवलेली आणि त्यापलीकडचा फुप्फुसाचा भाग हवा संपून मिटून गेलेला. भूल देऊन, घशातून दुर्बिणीची नळी घालून दाणा काढायचा, दुसरा इलाज नव्हता.

साहेब आले ते घड्याळाकडे बघतच. लोणावळ्याला कुणाकडे तरी जेवायला जायचं होतं. मी पोरीला झोपवलं, छातीवर ऐकायची नळी चिकटवली आणि दुसरं टोक कानात ठेवलं. साहेबांनी दुर्बीण आत घातली, चिमटा घातला, आणि बाहेर काढून वाटीत टाकला पिवळट दाणा. "झालं! उठवा, बाई."

पोरीचे ओठ जांभळे पडत चालले होते. मी तोंडावर मास्क धरून प्राणवायूची पिशवी दाबायला लागले. रंग सुधारला. उजवीकडे वरचा भाग वाजायला लागला, पण खाली? खाली ढिम्म.

"खालचा भाग उघडला नाही अजून," मी म्हणाले.

"सूज असेल. कफ असेल. उद्यापर्यंत उघडेल. तुम्ही तुमची भूल सांभाळा, छाती माझ्यावर सोडा."

हातमोजे काढायला लागलेसुद्धा! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! मी वाटीकडे पाहिलं. दाणा एका बाजूनं फुगीर होता आणि दुसऱ्या बाजूनं साफ चपटा. मी इकडच्याच कळंबची. लहानपणी श्रावणभर वाल सोलले आहेत. डाळिंबी बोटांत जरा जास्त दाबली की तिच्या दोन फाका होतात, आणि फाक झाली की आई डोक्यात टपली मारायची. पाहुण्यांच्या ताटात अख्खी डाळिंबी पडली पाहिजे ना! ही अख्खी नव्हती. ही फाक होती.

"साहेब, हा अर्धाच आहे. दुसरा अर्धा आत आहे."

"दाण्याला अर्धा नि पाव काय असतो? उठवा तिला."

"नाही उठवणार."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं असावं. मी पिशवी दाबत राहिले. भूल माझ्या हातात होती. मी उठवत नाही तोवर त्यांना लोणावळा दिसणार नव्हता. शेवटी नाक मुरडत त्यांनी नवे हातमोजे चढवले.

पुन्हा नळी आत गेली. आधी चिकट कफ ओढून घेतला, मग साहेबांनी श्वासनळीच्या खालच्या फाट्यात पाहिलं. दुसरी फाक तिथंच आडवी बसली होती. ती निघाल्यावर मी पिशवी सावकाश दाबली आणि क्षणभर दाबूनच धरली. पुन्हा तसंच केलं. कानात आधी करकर आली, मग वाऱ्याचा स्वच्छ आवाज, पार खालपर्यंत. माझे डोळे भरून आले, ते मी कुणाला दिसू दिले नाहीत. त्या माणसासमोर तर नाहीच.

बाहेर जाऊन साहेब त्या आईला म्हणाले, "मला शंका होतीच. म्हणून मी पुन्हा बघितलं." तिनं वाकून त्यांचे पाय धरले. त्यांनी धरू दिले.

पुढच्या खेपेला मायलेकी दाखवायला आल्या. आईनं साहेबांसाठी डबा आणला होता. साहेब माझ्यासमोरच चमच्यानं खायला बसले. "वा! कसली उसळ आहे ही? कसला दाणा हा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच्या पदरामागून पोर ठणाणा ओरडली, "अवो, तोच हाय ह्यो! माज्या छातीत व्हता तो!"

"गप गं!" आईनं तिला चिमटा काढला. साहेबांचा चमचा डब्यातच राहिला. मी पोरीला जवळ ओढलं, पाठीवर नळी लावली आणि म्हणाले, "परत ओरड."

ती ओरडली. उजवी बाजू खालपर्यंत दणदणली.

"बाई," साहेब म्हणाले, "तिला जरा हळू बोलायला सांगा."

"नाही सांगणार," मी म्हणाले.