दोन पायल्या बाजरी

"डिलिरियम आहे," डॉक्टर म्हणाले. डिलिरियम म्हणजे अचानक होणारा भ्रम. मामीच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, फार उतरलं होतं.

मी डाफरले, "सकाळपासून इतक्या तपासण्या, आणि उत्तर काय तर मीठ?"

"मीठच. तेही हळूहळू वाढवायचं. घाई केली तर मेंदूला इजा होते."

मामी म्हणजे माझी सख्खी आई. मी जन्मल्यावर तिने मला सुपात घालून देवळ्याच्या आत्याला विकलं, दोन पायल्या बाजरीला. मुलगी नको होती, असंच मी धरून चालले. आत्याची मुलं तिला मामी म्हणत, मीही तेच म्हणायचे. आज चांदवडला माझा स्वतःचा कांद्याचा व्यापार आहे. इतक्या स्वस्तात मी सडका मालही सोडत नाही. तरी तिला दुसरं कोणी नाही म्हणून गंगापूर रोडच्या दवाखान्यात मीच आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पलंगाच्या पायथ्याकडे बघायला लागली. तिथे फक्त रिकामं स्टूल होतं. तिने पाय आखडून जागा करून दिली. मग माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "माझी नाय ती. शेजारची हे."

मी भडकले. "मामी, आता तरी खरं बोल." सिस्टरने मला बाहेर काढलं. तुमच्या माणसाला असं झालं तर वाद घालू नका. चष्मा लावून द्या, घड्याळ दिसेल असं ठेवा. मला हे उशिरा कळलं.

तिसऱ्या दिवशी ती त्या स्टुलाशी घासाघीस करत होती. "दोघी नेल्या ना? तरी भागलं नाय? हिला तर मी विकली. इचार कुणालाबी." शेजारच्या खाटेवरच्या आजींनी स्टुलाकडे पाहिलं आणि मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं.

मी बाहेर येऊन आत्याला फोन लावला. "दोघी कोण?"

आत्या म्हणाली, "तुझ्या आधीच्या, बाई. दोन्ही पाचवी पुजायच्या आत गेल्या. तिसरी सटवाईला दिसू नये म्हणून तुला विकली. सव्वा महिन्यानं मी परत द्यायला आले, तर घेईना. म्हणे, ती अजून बघती हे. तुला सांगायचं नाय, अशी शपथ घातली व्हती मला."

हळूहळू सोडियम वर आलं. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही, कितीही भांडले असले तरी. घरी सोडायच्या दिवशी मामीने नाव, गाव, वार सगळं बरोबर सांगितलं.

"आणि या कोण तुमच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

मामीने एकदा पायथ्याकडे पाहिलं. "शेजारीण."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "अजून थोडा भ्रम दिसतोय."

"नाही डॉक्टर," मी म्हणाले. डोळे त्या रिकाम्या स्टुलावर ठेवून, जरा मोठ्यानेच. "शेजारीणच आहे मी."

चादरीखाली मामीने माझं बोट घट्ट धरलं होतं.