आधी दलाली मागनारी साइट

मी शाळेत रोज जाये, पन शाळेमागं गवत चांगलं होतं म्हनून. माह्या बकऱ्या खिडकीजवळ चरत, म्हनून त्या माह्यापेक्षा जास्त शिकल्या. आता देऊळघाटाकडच्या बाजारात बकऱ्यांची दलाली करतो. घेनारा अन इकनारा भांडत असले का मधात तोंड घालायचं, सौदा जमला का त्यातले शंभर-दोनशे आपले. तोंडाशिवाय माह्याजवळ दुसरं भांडवल नाई.

मांगच्या साली बायकोनं तिच्या दोन बकऱ्या इकल्या. बावीस हजार आले. तिले घरी पिठाची चक्की टाकायची होती, गावातली बंद पडेल होती. तिचं खातं कायच्यानं तरी अटकलं होतं, म्हनून पैसे माह्या खात्यात ठेवले. तेवढीच तिची चूक.

तवाच माहा साळा आला. बी.ए. झालेला, हापिसात बसते. मोबाइलवर एक चक्र दावलं. "भाऊजी, लाल येईन का हिरवं, एवढंच सांगायचं."

"मले वाचता येत नाई, बावा."

"रंग तं दिसते ना?"

रंग दिसते. म्हनलं, "भरोशाची हाये का पन?" त्यानं साइटीवर सिंहाचं चित्र दावलं, गाडीजवळ उभे असलेले जितेल लोकं दावले. सिंह पाहून माहा इश्वास बसला. दोनशे टाकले, घंटाभरात तीनशे झाले, मांगतले तं खात्यात बी आले! मनातल्या मनात बावीसचे तेहतीस हजार करून टाकले. बायकोले चक्की, अन मले एक फटफटी.

पन खुशी माह्या पोटात राहत नाई. बाजारात चाचाले सांगतलं. चाचा म्हंजे चाळीस साल बकऱ्या इकनारा म्हातारा.

"तू गिऱ्हाइकाले बकरी धा पावलं चालवून दावतो ना बे?" थो म्हने. "धा पावलं लंगडी बी चालते. थो बोकड तूच मले तसाच गळ्यात मारला होता."

मारला होता, हाव.

"मंग बावीस हजारले हात नको लावू. तेच तीनशे खेळ, वाढले का सगळे मांग."

खेळलो. चार दिवसांत मोबाइलवर अठ्ठेचाळीसशे दिसाले लागले. पैसे मांगाले भर बाजारातून साइटीवाल्याले फोन लावला, आवाज मोठा केला, धा जन भवताल. पलीकडचा मानूस लोन्यासारखा बोले.

"अभिनंदन सर! फक्त पंधराशे रुपये टॅक्स भरा, पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात येईल."

खोटं काऊन सांगू, मी भरनारच होतो. पन सवयीनं तोंडातून निघालं, "त्यातूनच कापा ना."

"तसं होत नाही सर."

"काऊन होत नाई? मी दलाल हाओ. बकरी इकली का माही दलाली त्याच पैशातून कापतो. आधी मांगतली तं लोकं मले जोड्यानं मारतीन."

"सर, आमची सिस्टीम वेगळी आहे."

"बरं, दोन हजार कापा. पाचशे तुमच्या चहापान्याले."

"सर, आधी टॅक्स भरा." थो तेच घोकून राह्यला.

"तीन हजार कापा!"

लोकं हसाले लागले. मी माह्याच पैशाचा उलटा भाव करून राह्यलो होतो. "चार हजार ठेव बे, मले आठशे दे!"

"अनपढ कहीं का!" म्हनून त्यानं फोन आपटला.

चाचानं मांडीवर थाप मारली. "अबे, फुकट देऊन राह्यला तं बी घेईना थो! पैसे हायेच नाई तं कापीन कुठून?"

धाच्या धा जनांनी टाळ्या वाजवल्या. माह्या उभ्या जिंदगीत मले पयल्यांदा टाळ्या भेटल्या, अन त्या बी अनपढ हाओ म्हनून.

संध्याकाळी साळ्याले सांगतलं तं त्याचं तोंड उतरलं. "भाऊजी, मी तीनदा टॅक्स भरला." दुसऱ्या दिवशी त्याले घेऊन पोलिस ठान्यात गेलो. तक्रार लिहिनारा बी.ए., सांगनारा मी!

बायकोले बी सगळं सांगून टाकलं. तिनं खात्यातले पैसे मोजाले लावले. माह्या खिशातले दोनशे गेले होते, तिचे बावीस हजार पुरे होते. त्याच हप्त्यात चिखलीहून चक्की आनली.

आता सकाळपासून बाया डबे घेऊन दारात उभ्या राहतात. मोटर बायको चालवते, मले बटनाले हात लावू देत नाई. मी दळन उचलतो, पिठानं मिशीपावतर पांढरा होतो. परवा एक बाई इचारते, "कावो, हे म्हातारे पावने कोन?"

बायको म्हने, "पावने नोयेत, आमचे हमाल हायेत."

मी हाव म्हनलं अन तिचा डबा खांद्यावर घेतला.