टाकीवरची कपाशी

बुलढाणा जिल्ह्यात, धाड गावाकडच्या एका खेड्यात बशीर पिंजारी राहायचा. गाद्या भरायचा, दोन एकर कपाशी करायचा आणि कोणी काम सांगितलं की त्याच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही. एकदा एका नवरदेवाची गादी वेळेत व्हावी म्हणून पठ्ठ्यानं स्वतःच्या गादीतला कापूस काढून भरला आणि पुढं महिनाभर घोंगडीवर झोपला.

ज्या साली गुलाबी अळीनं बीटी कपाशीलाही जुमानलं नाही, त्या सालची गोष्ट. बोंड वरून टपोरं, फोडलं की आत अळी घरजावयासारखी बसलेली. नुकसानीची माहिती मोबाइलच्या ॲपवरून द्यायची, मग साहेब येऊन शेत पाहणार, असं ठरलं. तोवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटायची नाही. इकडं विहिरीचं पाणी रोज खाली चाललेलं. हरभरा आठवड्यात पेरला तर पेरला, नाहीतर रान तसंच पडायचं. बशीरभाईचा जीव त्या हरभऱ्यात अडकला होता.

मोबाइल दिला होता मुलीनं. सफा बुलढाण्याला कॉम्प्युटर शिकायची.

"अब्बा, तुमी जे भरसान, ते ॲप एका चिठ्ठीत मांडते. जेसन म्हणतात त्याले. नाव, दोन टिंबं, बशीर. पीक, दोन टिंबं, कपाशी. दोहीकडून महिरपी कंस. तिकडचा सर्व्हर ते वाचते अन् जवाब देते."

"अन् शेताचं ठिकाण?"

"ते मोबाइल सोताच लिहिते."

बशीरभाई खूश. तेवढंच एक काम कमी!

रेंज मात्र गावात एकाच जागी, पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर. बशीरभाई शिडीनं वर चढला, माहिती पाठवली. ते पाहून खाली अख्खं गाव जमलं. "बशीरभाई, आमचंबी पाठवा!" नाही म्हणणं जमायचं नाही. खालून एकेक जण नाव ओरडायचा आणि हा वरून पाठवायचा. प्रत्येक वेळी जवाब यायचा आणि बशीरभाई तो मोठ्यानं वाचायचा : 'अभिनंदन! आपली माहिती यशस्वीरीत्या मिळाली.'

शेजारच्या शेतातली गीताबाई खालून कडाडली, "कपाशी गेली अन् हे अभिनंदन काऊन करून राह्यलं?"

"वैनी, मोठ्या लोकायची बोलायची रीत असते तशी!"

चार दिवसांनी कृषी सहायक हर्षल फटफटीवर आला. मोबाइलमधला नकाशा पाहत पाहत थेट टाकीखाली येऊन थांबला. टाकीभोवती फिरला, वर पाहिलं, पुन्हा मोबाइल पाहिला.

"बशीरभाई, साऱ्या गावची कपाशी या टाकीवर कशी उगवली?"

"टाकीवर?"

"अहो, मोबाइल जिथून पाठवतो तेच ठिकाण चिठ्ठीत घालतो. अन् सर्व्हरनं मंजूरबी केलं."

बशीरभाईनं वर टाकीकडं पाहिलं. सगळ्यांचं भलं करायला गेला आणि सगळ्यांची शेतं उचलून टाकीवर ठेवून आला.

हर्षल पोरगा भला. दिवसभर पायी हिंडून त्यानं एकूण एक शेत पाहिलं, बोंडं फोडली, मान हलवली. संध्याकाळी म्हणाला, "मी डोळ्यानं पाहिलं, पण त्याचा उपयोग नाही. नोंदलेल्या जागी उभं राह्यल्याबिगर माझं ॲप फोटोच घेत नाही. अन् मंजूर झालेली चिठ्ठी वापस होत नाही."

"मंग शेतच न्या टाकीवर!" गीताबाईनं टोमणा मारला.

बाकीचे हसले. बशीरभाई उठला. त्याला ते काम सांगितल्यासारखंच वाटलं. प्रत्येकाच्या शेतातली एकेक किडकी पऱ्हाटी उपटून आणली, खांद्यावर भारा घेतला आणि शिडी चढू लागला. हर्षल आधी कपाळाला हात लावून बसला, मग मागोमाग चढला. वर बशीरभाई नवरीसारखी एकेक पऱ्हाटी नीट धरून उभा राहायचा, हर्षल फोटो काढायचा आणि सर्व्हर दर वेळी अभिनंदन करायचा.

दुसऱ्या दिवशी गावानं पऱ्हाट्या उपटल्या. बशीरभाईचा हरभरा वेळेत पेरला गेला आणि उगवलाही.

पुढच्या उन्हाळ्यात बशीरभाई सफाला फोन लावायला टाकीवर चढला, तर ॲपचा निरोप येऊन पडलेला : 'आपल्या शेतातील ओलावा कमी झाला आहे. पाणी द्याल का?' पायाखाली टाकी काठोकाठ भरलेली, डुबुक डुबुक करत होती.

"वैनी, या टाकीले पाणी द्या म्हणते हो!" तो वरून ओरडला.

खाली नळावर पाण्याची गुंडी भरत असलेली गीताबाई म्हणाली, "हो म्हणून टाका. तुमाले नाही म्हणता येते कुठं!"

बशीरभाईनं 'हो' दाबलं.

'अभिनंदन!' सर्व्हर म्हणाला.