पडद्याची मोटार

आमच्या घरात चार पुरुष जमले की चहा संपायच्या आत मोटारींवर येतात. कुणाची गाडी किती पळते, कुणी कुठली घेतली, आणि मग हमखास, "आत्या, आपली पहिली मोटार कसली होती गं?" पुतण्यांना तिचा फार अभिमान. निजामाच्या राजवटीत आपल्या आजोबाच्या दारात मोटार होती, हे ते सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा सांगतात. तिच्यात भूत होतं, हे आणखी रंगवून सांगतात. मला संताप येतो. माझ्याखेरीज तिच्यात बसलेलं एकही माणूस यांनी पाहिलेलं नाही.

मोटार अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बिदरच्या एका जहागीरदाराच्या घरून घेतली होती. त्या घरची बेगम वारली आणि तिची मोटार कुणाला दारात नकोशी झाली. मागच्या बैठकीला चहूबाजूंनी जाड मखमली पडदे होते, त्यांना अत्तराचा वास होता. आम्ही भालकीजवळच्या मेहकरचे शेतकरी. आमच्या बायका पदर घ्यायच्या, पडद्यात कधी बसल्या नव्हत्या. पण मोटारीबरोबर पडदाही घरात आला. पडदा सोडलेला असला की परक्या पुरुषानं जवळ फिरकायचं नाही, डोकावणं तर लांबच. अप्पांना ते फार मानाचं वाटे.

मग जर्मनीची लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेना. अप्पांनी मोटारीच्या मागे कोळशाची टाकी बसवून आणली. कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालायचं. टाकी एकदा विझली की पुन्हा पेटवणं मोठं जिकिरीचं, म्हणून वाटेत कुठं थांबलं तरी ड्रायव्हर ती तशीच धुमसत ठेवायचा.

बाई दिसायला लागली ती त्यानंतर.

आधी माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, सांगितलं. भालकीच्या बाजारातून आलो होतो. उतरल्यावर तिचे पाय लटपटत होते. "कोपऱ्यात एक बाई पाठ करून बसलीती," ती म्हणाली. "बोलली न्हाई काही. नुसती सरकून मला जागा करून द्यायलती."

आईला ती पुढच्या फेरीत दिसली. मी मात्र ती अक्काच्या शेजारी बसून बाजारच्या दिवशीच पाहिली होती, अक्का तोंडातून शब्द काढायच्या आधी. मानेवरचे बारीक केस, खाली सोडलेले हात, हातात एकही बांगडी नाही. भीती वाटली नाही. गोड झोप येत होती आणि डोकं जड झालं होतं, एवढंच.

आईनं लिंबू उतरवलं, पडद्याला बिब्बा शिवला, पडदे घट्ट ओढून आत ऊद जाळला. बाई जास्तच दिसायला लागली. पुढे उघड्यावर बसणाऱ्या अप्पांना आणि ड्रायव्हरला कधी काही दिसलं नाही. "बायकांनाच कामून दिसती?" म्हणून अप्पा हसायचे.

गेल्या दिवाळीत पुतणे हीच गोष्ट रंगवत होते. थोरल्या पुतण्याची सून डॉक्टर आहे. ती हसली नाही. तिनं मला विचारलं, उतरल्यावर डोकं दुखायचं का, ओकारी यायची का. मग म्हणाली, कोळशाचा तो गॅस विषारी असतो, त्याला वास नसतो, तो पडद्याआड कोंडत असणार. डोक्याला हवा मिळाली नाही की माणसाला काहीही दिसतं. पुतण्यांना हायसं वाटलं, आणि ते लगेच नव्या गाड्यांच्या काचांवर बोलायला लागले. मला आणि अक्काला एकच बाई कशी दिसली, हे मी त्या पोरीला विचारलं नाही. त्रास होतो का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, नाही, झोप लागते, चेहरा तेवढा लाल दिसतो.

मोटारीत बाई दिसायला लागली त्याच साली अक्काला सासरी निर्ण्याला पोचवायचं होतं. तिला दिवस गेले होते. ती अप्पांच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, "अप्पा, मी बैलगाडीनं जाते. मला त्या मोटारीत बसवू नका."

"सारं निर्णं मोटारीची वाट बघायलंय," अप्पा म्हणाले. "तू बैलगाडीतून उतरलीस तर मी कुठं तोंड दाखवू?"

वाटेत मला ओकारी झाली, म्हणून मला पुढे घेतलं. निर्ण्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आई भेलकांडतच उतरली, बायकांनी तिला पाणी द्यायला आत नेलं. मीही तिच्यामागं गेले. अक्काला झोप लागली होती. भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय सुनेनं उतरायचं नाही, आणि सासूची भाकर अजून तव्यावर होती. "झोपू द्या तिला, दमलीय," आई म्हणाली.

बाहेर गावातले पुरुष मोटारीभोवती जमले. पडद्याकडे पाठ करून, अगदी अदबीनं. चढावर दम खाती का, कोळसा किती लागतो, मुंबईची मोटार हिच्यापुढं टिकंल का. अप्पांचा चेहरा फुलला होता. त्यांनी ड्रायव्हरला इंजिन चालू करायला सांगितलं. "आवाज ऐका," ते म्हणाले, आणि सगळे कान देऊन ऐकत राहिले.

सासू भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन आली. आईनं पडदा वर केला. अक्का मान टेकून बसली होती. "माहेरचं मानवलंय हिला," सासू कौतुकानं म्हणाली. "गाल बघा कसे लाल झालेत."

आईही हसली. तिनं अक्काला उठवायला हात धरला आणि ओढला, तशी अक्का तिच्या अंगावर नुसतीच कलंडली. आईची किंकाळी मी ऐकली. पुढे इंजिनाशी जमलेल्या पुरुषांना ती ऐकूच गेली नाही. इंजिन चालू होतं.