तारमास्तरांची रॅकेट

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात दोन प्रकारच्या वस्तू होत्या. एक गिऱ्हाइकाला हव्या असणाऱ्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडणाऱ्या. पहिल्या भिंतीवर बरोबर डोळ्यांच्या उंचीवर टांगलेल्या असत. दुसऱ्या इतक्या वर असत की शिडी लावल्याशिवाय हात पोहोचू नये. शिडी आणून वरची वस्तू खाली काढण्याची खोड दुकानात एकाच माणसाला होती. त्यांना सगळे तारमास्तर म्हणत.

तारमास्तरांचे काम टेनिसच्या रॅकेटमध्ये तारा ओवण्याचे होते. तुटक्या तारा कापायच्या, चौकट यंत्रावर आवळायची, नवी तार उभी-आडवी विणायची आणि योग्य ताण आला की गाठ मारायची. एकतीस वर्षे त्यांनी हेच केले. कोर्टावर मात्र त्यांनी एकदाही पाऊल ठेवले नव्हते. तरीही परिटाने कपड्यांवरून घर ओळखावे, तसे ते रॅकेटवरून खेळणारा ओळखत. तारा कुठे झिजल्या, चौकट कुठे खरचटली, मूठ कुठे काळवंडली एवढे पाहिले की त्यांना त्या माणसाचा फटका दिसे, आणि बहुधा स्वभावही.

दुकान त्यांच्या सासऱ्यांचे. जावयाचे हे कसब पाहून सासऱ्यांनी त्यांना आतल्या खोलीतून बाहेर आणले आणि काउंटरजवळ एक स्टूल दिले. "जावईबापू, मी माणसाच्या खिशाकडे पाहतो, तुम्ही मनगटाकडे पाहा," असे ते म्हणाले होते. त्या स्टुलाचा तारमास्तरांना एवढा अभिमान होता की घरी खुर्चीवर बसतानाही ते पाठ टेकत नसत.

सासरे गेले आणि दुकान मेहुण्याकडे आले. मेहुणा वाईट नव्हता, पण त्याला विक्री प्रिय होती. त्याने भिंतीवर एका विजेत्या खेळाडूचे मोठे चित्र लावले आणि त्या चित्राखाली तोच खेळाडू वापरतो तशा काळ्या रॅकेट ओळीने टांगल्या. गिऱ्हाईक चित्र पाही, रॅकेट पाही आणि आरशात पाहिल्यासारखे हसे. नेमके तेव्हाच स्टुलावरून आवाज येई, "आधी तुमची जुनी रॅकेट दाखवता का?"

"भाऊजी," मेहुणा म्हणे, "गिऱ्हाईक दुकानात आणायला मला महिना लागतो आणि घालवायला तुम्हाला एक वाक्य."

एके दिवशी वकीलसाहेब आले. ते जवळच्या क्लबाचे जुने सभासद. मोठे गिऱ्हाईक आणि त्याहून मोठा आवाज. त्यांनी काळी रॅकेट उचलली आणि हवेत फिरवली. चेंडूंचा डबा खाली पडला.

"साहेब, ही लांब फटका मारणाऱ्याची," तारमास्तर म्हणाले. "वजन जास्त, तारांचं तोंड लहान. तुमचा हात कोपरातून आखूड फिरतो. तुम्हाला हलकी, मोठ्या तोंडाची हवी." ते शिडीवर चढून एक आकाशी रंगाची रॅकेट खाली घेऊनही आले.

"ही? ही माझ्या सुनेच्या हातात शोभेल!"

"सूनबाईंचा फटका लांब असेल, तर त्यांनाही नको."

दुकानातले दोघेतिघे हसले. वकीलसाहेब लाल झाले. "तुम्ही स्वतः किती वर्षं खेळताय?"

"मी खेळत नाही."

"वा! म्हणजे काठावर बसून पोहायला शिकवताय! महिन्यानं क्लबात साठीच्या पुढच्यांचे सामने आहेत. तुमचीही साठी उलटलीच आहे, उतरा माझ्यासमोर. मी ही काळीच घेऊन येतो. तुम्ही जिंकलात, तर तुम्ही द्याल ती रॅकेट निमूट घेईन."

"आणि हरलो तर?"

"तर स्टूल आत, यंत्राशेजारी," मेहुणा म्हणाला, "आणि तोंडाला कुलूप." तो हे इतक्या चटकन म्हणाला की हे उत्तर त्याच्या जिभेवर बऱ्याच दिवसांपासून तयार असावे.

आता तारमास्तरांना आयुष्यात प्रथमच स्वतःसाठी रॅकेट निवडायची होती. हजारो लोकांना त्यांनी एकच गोष्ट समजावली होती. रॅकेट आपल्या हाताला विचारून घ्यावी, डोळ्यांना विचारून घेऊ नये. ते संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत विचार करत राहिले आणि काळी रॅकेट घेऊन घरी गेले.

बायकोने पिशवीत डोकावून पाहिले. "अहो, ही तर तुम्ही सगळ्यांना नको म्हणता तीच ना?"

"सगळ्यांना नको, अगं. ज्याला जाण नाही त्याला नको. एकतीस वर्षं तार ओढून माझं मनगट पोलादासारखं झालंय."

"तुम्ही चहा ढवळता तोसुद्धा दोन बोटांनी. आंघोळीला जाताना टॉवेल झटकत नाही, पसरता. तुमचा फटका लांब कुठून येणार?"

"फटक्याचं शास्त्र तुला काय कळणार?"

"एकतीस वर्षं जेवायला वाढताना तेच ऐकतेय. भाजीत मीठ किती हे विसरेन, तारेचा ताण किती हे नाही विसरणार."

तारमास्तरांनी या बोलण्याकडे दुर्लक्ष केले, कारण त्यात तथ्य होते.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकान उघडण्यापूर्वी क्लबाच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारू लागले. चेंडू कधी भिंतीवरून पलीकडे जाई, कधी भिंतीपर्यंतही जात नसे. पहिल्या आठवड्यात त्यांनी चेंडूंना दोष दिला, दुसऱ्यात बुटांना. तिसऱ्यात कोपर दुखू लागले आणि दोष द्यायला फक्त भिंत उरली. ती खडबडीत आहे, असे त्यांचे मत झाले. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ते गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवत. त्या दिवसांत ती त्यांच्या तोंडून कोणी ऐकली नाही.

सामन्याला आठवडा उरला असताना त्यांच्या रॅकेटची तार तुटली. त्यांनी ती दुरुस्तीच्या खुंटीवर अडकवली. तारा बदलायला येणाऱ्या प्रत्येक रॅकेटच्या मुठीला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधायची, असा त्यांचा स्वतःचाच कडक नियम होता. परंतु आपल्याच वस्तूला चिठ्ठी कशाला, म्हणून त्यांनी ती बांधली नाही आणि ते नवी तार आणायला बाहेर गेले.

योगायोगाने त्याच सकाळी वकीलसाहेबांनी रॅकेट पाठवतो म्हणून फोन केला होता. मेहुण्याने चिठ्ठी लिहून ठेवली होती. खुंटीवर बिनचिठ्ठीची काळी रॅकेट पाहून त्याला वाटले, आली वाटते. त्याने वकीलसाहेबांच्या नावाची चिठ्ठी तिला बांधून टाकली.

तारमास्तर परतले, तर वकीलसाहेब क्लबातल्या दोन मित्रांसह काउंटरपाशी उभे होते आणि त्यांच्या खांद्याला एक लांबट पिशवी होती. तारमास्तरांची नजर आधी चिठ्ठीवर पडली आणि मग रॅकेटवर. एवढी चालून आलेली संधी कोण सोडील?

ते स्टुलावर बसले. त्यांनी रॅकेट उजेडात धरली. "साहेब, मी बोललो तर तुम्हाला राग येतो. म्हणून आज या ताराच बोलतील. हा मधला भाग पाहा. नवाकोरा! चेंडूची आणि याची अजून ओळखच झालेली नाही. सगळी झीज टोकाला. चौकट पाहा, भिंतीला पोतारा करावा तशी घासलीय. आणि ही मूठ! या माणसानं ती बुडत्यानं काडी धरावी तशी धरलीय. याचं कोपर आज ना उद्या दुखणार, कदाचित दुखतही असेल. आखूड हात फिरवणाऱ्या या माणसाला हलकी, मोठ्या तोंडाची रॅकेट हवी होती. त्यानं ही घेतली ती केवळ मिजाशीपायी."

"साक्ष संपली?" वकीलसाहेबांनी शांतपणे विचारले.

"संपली."

वकीलसाहेबांनी खांद्यावरची पिशवी उघडली आणि तिच्यातून आपली काळी रॅकेट काढून काउंटरवर ठेवली. "मी ही आत्ता आणतोय."

मेहुण्याने चिठ्ठीकडे पाहिले, मग खुंटीकडे. "मग ही कोणाची?"

तारमास्तरांनी दुखरे कोपर दुसऱ्या हाताने धरले. "माझी," ते म्हणाले.

मित्र इतके हसले की एकाला काउंटर धरावा लागला. तारमास्तरांनी हसणे संपू दिले. मग ते उठले, शिडी लावून वर चढले आणि त्यांनी स्वतःसाठी आकाशी रॅकेट खाली काढली.

सामना झाला आणि तारमास्तर हरले, सहा-दोन. एका आठवड्यात हात बदलत नाही. मात्र आकाशी रॅकेटने त्यांनी दोन गेम घेतले. ते पाहून क्लबातल्या लोकांना वकीलसाहेबांच्या विजयापेक्षा जास्त आश्चर्य वाटले. वकीलसाहेबांचे बरेच फटके जाळीत गेले होते, परंतु समोरचा माणूस त्यांच्याहून वाईट खेळत होता. विजयाला एवढे पुरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारमास्तरांनी कोणी सांगण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी स्टूल उचलले आणि आत यंत्राशेजारी नेऊन ठेवले. दिवसभर ते एक शब्दही बोलले नाहीत. त्या दिवशी दोन काळ्या रॅकेट खपल्या आणि मेहुण्याला का कोण जाणे, करमले नाही.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले. कोपराला पट्टा होता. त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिले. "स्टूल कुठंय?"

"हरले ना ते," मेहुणा म्हणाला. "ठरलं होतं."

"दावा मी जिंकलो. निकालाची अंमलबजावणी करायची की नाही, ते मी ठरवीन." त्यांनी आत जाऊन चांगल्या हाताने स्टूल बाहेर आणले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चला तारमास्तर, बसा. आणि ती निळी द्या. पण कागदात गुंडाळून हं. सुनेनं पाहिलं तर मला घरात तोंड दाखवायला जागा नाही."

ही गोष्ट क्लबात पसरायला एक दिवस पुरला. त्यानंतर येणारा प्रत्येक माणूस आधी विचारू लागला, "तारमास्तर कोणती वापरतात?" मेहुणा हुशार होता. त्याने आकाशी रॅकेट खाली आणून डोळ्यांच्या उंचीवर ओळीने टांगल्या आणि काळ्या वर नेल्या.

परवा एक उंचापुरा माणूस आला. त्याचा हात लांब, जुन्या रॅकेटच्या तारा बरोबर मध्यावर झिजलेल्या. त्याने आकाशी रॅकेट मागितली.

तारमास्तरांनी त्याला परोपरीने समजावले. तो ऐकेना. शेवटी त्यांनी उसासा टाकला, दुखरे कोपर सांभाळले आणि काळी रॅकेट काढण्यासाठी शिडी आणायला उठले.