नाथ बहिणीकडे राहायला गेला ती सकाळ

मागच्या सोमवारी गावी होतो. आमचं गाव मुळशी खोऱ्यात, आणि धरणाचं पाणी यंदा गावात शिरतंय हे तुम्हाला ठाऊक आहेच. निम्मी भातखाचरं तोवर गेलीसुद्धा होती.

रजा काढून गेलो ते आबांना आणायला. आबा म्हणजे माझे वडील, गावच्या भैरवनाथाचे गुरव. सगळं गाव कौलं, वासे, दारं काढून घेऊन वरच्या माळावर राहायला गेलं... आणि आमचे आबा एकटे देवळात मांडी ठोकून. "नाथ हितं हाय तवर मी हितंच," एवढं एकच पालुपद. हट्टीपणात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

अडचण अशी, की आमचा नाथ म्हणजे जमिनीतून वर आलेला शेंदरी तांदळा, बिनघडीव दगड. तो उपटून पालखीत घालता येत नाही. त्याला हलवायची एकच रीत आबांना माहीत होती. गाभाऱ्यातला पेटता दिवा पुढे न्यायचा, म्हणजे नाथ त्याच्या मागून आपल्या पायांनी येतो. दिवा नेणाऱ्याने बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. आणि देव नव्या जागी पोचल्याचा निरोप येईपर्यंत गुरवाने गाभारा सोडायचा नाही.

जागाही ठरली होती. गावाबाहेर चढावर वाघजाईचं जुनं देऊळ आहे, ती नाथाची बहीण. दोन देवळांत अंतर असं फारसं नाही.

मी पुण्यात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास केव्हाच उडाला आहे. माझा बेत साधा होता... दिवा वर ठेवायचा, धावत खाली यायचं आणि आबांना सांगायचं, "आला नाथ." शुद्ध थाप! पण त्या थापेने म्हातारा जिवंत बाहेर येणार असेल तर माझी काही हरकत नव्हती.

दिवा घेऊन निघालो. सकाळची वेळ, पण धुकं इतकं की हातातला दिवा आणि चार पावलांवरचं तेवढं दिसत होतं. पाणी देवळाच्या खालच्या पायरीला लागलं होतं. ते वाहत नव्हतं, त्याचा आवाज नव्हता... नुसतं चढत होतं.

ही वाट मी लहानपणी डोळे मिटून धावलो आहे. त्या दिवशी ती ओळखूच येईना. दोन्ही बाजूंना छप्पर नसलेल्या भिंती, आणि दारांच्या जागी काळी भोकं. एका ओट्यावर कुणाचं तरी जातं राहून गेलं होतं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही... गावात कुत्रंच नव्हतं.

ओढ्यापाशी आलो आणि मागे पाऊल वाजलं. चिखलात एक पाऊल, मग दुसरा पाय ओढल्याची घसट... पुन्हा पाऊल, पुन्हा घसट.

आबांचा एक पाय अधू आहे. म्हटलं, निघाला म्हातारा! इतका आनंद झाला म्हणून सांगू... आणि रागही आला. आठ-आठ दिवस आम्हाला छळलं, आणि आता गुपचूप मागून येताहेत. पण वळलो नाही. वळलो असतो तर रीत मोडली म्हणून पुन्हा खाली जाऊन बसले असते.

चढ लागला तसा मी मुद्दाम हळू झालो. मी थांबलो की मागचं पाऊलही थांबे. मी निघालो की निघे. एकदा ती घसट अगदी पाठीशी आली, मानेला गार लागलं आणि ज्योत पुढे लवली... वारा अजिबात नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. तरी म्हटलं, आबाच. त्या ओसाड गावात दुसरं कोण असणार?

वाघजाईच्या देवळात माझी चुलती वाट बघत उभी होती. मी दिवा देवीशेजारी ठेवला आणि वळलो. वाटेवर कुणी नव्हतं.

"काकी, आबा कुठं गेले?"

"आबा? त्ये कुटं आलं? तू एकलाच आलास की." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "पन चढावर दिवा घिऊन कुनासाठी थांबत हुतास रं?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आबांना काठीशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. आणि मागे काठी एकदाही वाजली नव्हती...

कसा खाली पळालो ते माझं मला ठाऊक. पाणी गाभाऱ्याच्या उंबऱ्याला टेकलं होतं. आबा अंधारात बसले होते, धोतर भिजलेलं, काठी मांडीवर आडवी.

"आला का त्यो?"

पाठ केलेली थाप तोंडातून निघेना. "कुणीतरी आलं, आबा... पाय ओढत ओढत. चढावर थांबत होतं."

आबांनी डोळे मिटले. "मग त्योच. म्हातारा झालाय. रोज रातच्याला पाराभवती फिरतो, तवाबी असाच पाय वडतो."

"कधी बोलला नाहीत?"

"भ्याला असतास," म्हणाले, आणि माझा खांदा धरून उठले.

निघताना मी सवयीने तांदळ्यापुढे हात जोडायला गेलो. जन्मभर ज्यांनी त्याला रोज न्हाऊ घातलं, शेंदूर लावला, त्या आबांनी माझा हात खाली केला. "त्या धोंड्याला कशाला? चल, पानी आलं."

आबा आता माझ्याकडे पुण्यात आहेत. चहा गोड नाही म्हणून रोज कुरकुरतात. मागे कोण होतं ते मला सांगता येणार नाही, आणि विचारूही नका... पण बापाशी खोटं बोलायची वेळ त्याने माझ्यावर येऊ दिली नाही, त्याचे उपकार आहेत.